धाव : शर्यतीच्या स्वस्त चाकाचा इतिहास

१/ मराठीत 'धाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सर्वांना ठाऊक असलेला: धावणे. दुसरा आता विस्मरणात चाललेला: बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेले लोखंडी कडे. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दही पूर्वी याच कड्यासाठी वापरला जाई. रबर फार नंतर आले. थोडक्या पैशांत शर्यतीची गाडी उभी करू पाहणारा आजचा तरुण विचारतो, "चाके आणि टायर कोणते घ्यावेत?" प्रश्न नवा वाटतो, पण तो आपल्याकडे किमान दोनशे वर्षांचा आहे. आजचा धागा त्या प्रश्नावर.

२/ आरंभ खडवलीपासून करू. कल्याण तालुक्यातले, टिटवाळा आणि वाशिंद यांच्यामधले हे स्थानक. शेजारून भातसा नदी वाहते. चाकाची तीन युगे येथे काही किलोमीटरांच्या परिसरात भेटतात. भातशेतीच्या वाटेवरची बैलगाडी, १८५५ मध्ये कल्याणहून वाशिंदपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग, आणि पडघ्याजवळच्या खडवली फाट्यावरून नाशिककडे जाणारा महामार्ग. तिन्ही ठिकाणी चाक वेगळे, पण ते निवडणाऱ्यापुढचा हिशेब एकच.

३/ हा हिशेब समजण्यासाठी घाट चढून देशावर जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमधला बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून जात असे. गाड्या होत्या, पण त्यांची चाके भरीव, कधी लाकडाची तर कधी चक्क दगडाची. अशी अवजड गाडी शेतात खत वाहण्यापुरती उपयोगी. लांबच्या वाटेला ती बैलांचा जीव घेई. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि प्रश्न उभा राहिला: रस्ता आहे, पण त्यावर चालेल अशी गाडी कोठे आहे?

४/ त्याच दशकात इंदापूर भागात जमिनीच्या महसुली मोजणीचे प्रसिद्ध काम सुरू झाले. त्या वेळच्या लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने टेंभुर्णी येथे गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. आऱ्यांची, हलक्या चाकांची ही गाडी शेतकऱ्याच्या बैलजोडीला पेलणारी होती. पुढे तिचा प्रसार झाला, कारण गावचा सुतार ती पाहून तशीच दुसरी घडवू शकत होता. चांगल्या नमुन्याची पहिली कसोटी हीच: तो दुसऱ्याला घडवता आला पाहिजे.

५/ या चाकाची रचना पाहण्यासारखी आहे. मध्ये तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र लाकडी पुठ्ठे आणि सर्वांना कवेत घेणारी लोखंडी धाव. आत आस, आणि आसाला वंगण. प्रत्येक भागाचे काम वेगळे: तुंब्याने भार झेलायचा, आऱ्यांनी तो वाटून घ्यायचा, धावेने झिजायचे. झिजणारा भाग वेगळा ठेवला की संपूर्ण चाक टाकून द्यावे लागत नाही. आजच्या रिम आणि टायरमध्ये हीच विभागणी आहे.

६/ धाव चढवणे हा गावातला एक सोहळाच असे. लोहार कड्याचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवी. मग गोवऱ्यांच्या जाळात कडे लाल होईपर्यंत तापवीत. तापल्यावर ते प्रसरण पावे, सांडशीने धरून चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. आकुंचन पावणारे लोखंड सारे सांधे आवळून टाकी. खिळ्यांनी जमणार नाही असा ताण निव्वळ उष्णतेने साधला जाई.

७/ आता खडवलीच्या रुळांकडे पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि पुढच्या वर्षी वाशिंदला. वाफेच्या इंजिनाच्या चाकावरही एक वेगळे पोलादी कडे असे, त्यालाही 'टायर'च म्हणत, आणि तेही तापवूनच चढवीत. लोहमार्गाच्या कार्यशाळेतला कारागीर आणि गावचा लोहार एकाच भौतिक नियमावर पोट भरत होते. कडे झिजले की बदलायचे, चाक तेच राहायचे.

८/ मग लाकडी चाक इतके टिकले कशामुळे? उत्तर बलुतेदारीत आहे. सुतार आणि लोहार यांना वर्षाच्या सुगीला धान्य मिळे. त्या बदल्यात त्यांनी वर्षभर अवजारे दुरुस्त करायची. आरा मोडला, धाव सैल झाली, तर रोख पैसा न मोजता काम होई. चाकाची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही, ते मोडल्याच्या दिवशी कळते. या धाग्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर: स्वस्त चाक म्हणजे हाकेच्या अंतरावर दुरुस्त होणारे चाक.

९/ आणि शर्यत? विदर्भातला शंकरपट असो वा पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाड्यांच्या शर्यती, शेतकऱ्याने रोजची गाडी समोर ठेवली आणि तिच्यातून वजन काढत नेले. यामागचे गणित नेमके आहे. चाकाच्या कडेवरचा एक किलो पुढेही सरकतो आणि गोलही फिरतो. त्यामुळे वेग घेताना तो जवळपास दोन किलोंइतकी ऊर्जा मागतो. छकडा हलका करणाऱ्याने हे सूत्र वाचले नव्हते, बैलाच्या दमावरून ओळखले होते.

१०/ या शर्यतींचा अलीकडचा इतिहास न्यायालयातून जातो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी शर्यती अडलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. वादाच्या मुळाशी प्रश्न होता: हौसेची किंमत कोण मोजतो? मोटारीच्या शर्यतीतही तो विसरता येत नाही.

११/ आता रबराकडे वळू. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतले, पण ते मागे पडले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा तीच वाट शोधली. चाक मऊ धावू लागले, परंतु एक अडचण होती. टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सोडवायला काही तास आणि पुन्हा चिकटवलेला सुकायला रात्र जाई.

१२/ फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी नेमका हा दोष हेरला. त्यांनी सुटा होणारा टायर बनवला आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीत शार्ल तेराँ तो वापरून जिंकला. १८९५ मध्ये त्यांनी हवेचे टायर मोटारीला लावून पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत उतरवले. पंक्चरांनी ती मोटार इतकी रखडली की १०० तासांच्या मुदतीत परतली नाही. तरीही थोड्याच वर्षांत सारी शर्यत हवेच्या टायरवर आली. पराभूत गाडीचे चाक जिंकले!

१३/ भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज येथे सुरू झाला. १९५८ मध्ये मुंबईत सीएट टायर्स ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचा कारखाना भांडुपला, म्हणजे खडवलीच्या लोकलच्याच वाटेवर. 'सीएट' ही इटलीतल्या तोरिनो शहरातल्या मूळ कंपनीच्या नावाची आद्याक्षरे. टायर देशात बनू लागला तरी तो बैलगाडीपर्यंत सहज पोहोचला नाही. रबरी चाकाला रोख पैसा लागे, आणि पंक्चर काढणारा बलुतेदार नव्हता.

१४/ जेथे ही अट पुरी झाली तेथे चाक बदलले. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात 'टायरगाडी' रुळली, कारण भांडवल कारखान्याचे होते, तोडणी कामगाराला ती भाड्याने मिळे आणि रस्त्यावर पंक्चरचे दुकान होते. मुंबईच्या निटीचे संचालक, पुढे बंगळूरच्या आयआयएमचे संचालक झालेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. एवढी विद्वत्ता बैलगाडीच्या चाकासाठी खर्च झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१५/ स्वातंत्र्यानंतर मोटारशर्यतीचे केंद्र मद्रासजवळचे शोलावरम झाले. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यती भरवल्या. धनिकांकडे परदेशी गाड्या होत्या. सामान्य हौशी स्पर्धक मात्र फियाट, अ‍ॅम्बेसेडर, हेरल्ड अशा घरच्या मोटारीच सजवून उतरे. आयात परवान्यांच्या त्या काळात शर्यतीचा टायर मिळणे दुरापास्त. बाजारात असेल त्या चाकाभोवती गाडी रचायची, हा धडा टंचाईने दिला.

१६/ त्या धड्याचे सर्वांत सुंदर उत्तर कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी दिले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिचे सुटे भाग देशभर मिळू लागले. करिवर्धन यांनी तिच्याच इंजिनावर चालणाऱ्या परवडणाऱ्या एकआसनी शर्यतगाड्या घडवल्या. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याने आरंभी फॉर्म्युला मारुतीतच हात साफ केला होता. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१७/ आपल्या परिसरातही मोटारीचा वारसा आहे. कुर्ल्यात फियाट बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवलीत होता. १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ तेथे जोडली जाई. तो कारखाना गेला, पण वाहनवेड राहिले. २००७ पासून इंदूरजवळ पीथमपूरला बाहा ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. स्वतः गाडी घडवून तेथे नेणाऱ्या संघांत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले असतात. वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या गाडीत चाकाचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा लागतो.

१८/ तो हिशेब इतिहासाच्या प्रकाशात असा मांडता येईल. आधी टायर ठरवा, मग रिम. टायरच्या कडेवर '१४५/७० आर१२' असे लिहिलेले असते: रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रेडियल रचना, रिम १२ इंची. जो आकार आपल्या गावच्या दुकानात सहज मिळतो तो निवडावा. पोलादी रिम जड, पण स्वस्त आणि ठोकून सरळ होणारी. मिश्रधातूची बहुधा हलकी, पण तडा गेला की संपली. जुनी रिम घेताना बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आणि ऑफसेट मोजून घ्यावा, आणि फिरवून वाकडेपणा पाहावा.

१९/ काटकसर कोठे थांबवायची, हेही इतिहासच सांगतो. धावणारी गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकामागे जेमतेम तळहाताएवढ्या रबरावर. ब्रेक कितीही चांगला असो, थांबवते ते हेच रबर. टायरवरच्या निर्मितीच्या आकड्यांतले शेवटचे चार पाहा: '३५१९' म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते, कडेला बारीक भेगा पडतात. असा टायर कवडीमोलाने मिळाला तरी महागच. रिम जुनी चालेल, रंग उडालेला चालेल. टायर मात्र ताजा हवा.

२०/ टेंभुर्णीचा कारखाना, गोवऱ्यांच्या जाळातले कडे, मिशलँची हरलेली मोटार, करिवर्धन यांची एकआसनी गाडी: चारही ठिकाणी माणसाने हाती असलेल्या साधनांतून चाक निवडले आणि मोडल्यावर ते कोण जोडणार याचा विचार आधी केला. पुढच्या वेळी खडवलीच्या फलाटावर उभे राहाल तेव्हा रुळांवरून जाणाऱ्या चाकाची चकाकती कडा पाहा. आणि घरी आजोबा असतील तर त्यांना एकदा विचारा: गाडीची धाव कोण चढवीत असे? उत्तरात एक नाव येईल, एखाद्या लोहाराचे. ते कुठेतरी लिहून ठेवा.