वीज कधी जांभळी, कधी तांबडी का दिसते?

मोसमी पाऊस दाखल होण्याच्या सुमारास एखाद्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर उभे राहिले, तर दूर समुद्रावर चमकणारी वीज नारिंगी, तांबूस दिसते. तेच ढग मलबार हिलवर आले, की त्यांतील वीज निळसर पांढरी भासते. मग वीज बदलली काय? मुळीच नाही. बदलले ते आपले तिच्यापासूनचे अंतर.

वीज कोसळते तेव्हा जेमतेम काही सेंटिमीटर रुंदीच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट हे तापमान! त्यामुळे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात व हे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. नायट्रोजनच्या प्रकाशात निळ्या-जांभळ्या छटा ठळक असतात. हवेतील बाष्पाचेही विघटन होते आणि त्यातून निघालेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पाला तोटा नाही. हे सारे रंग एकत्र आले, की डोळ्यांना पांढरा, किंचित निळसर झोत दिसतो.

हा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेतील रेणू त्यातील निळा भाग अधिक विखुरतात. अंतर जितके जास्त, तितका लाल-पिवळा भागच शिल्लक उरतो. मावळता सूर्य ज्या कारणाने तांबडा दिसतो, तेच हे कारण. हवेत धूळ वा धूर असेल, तर वीज पिवळटही भासते. छायाचित्रांतील गडद जांभळ्या विजेत मात्र कॅमेऱ्याच्या रंगजुळणीचा वाटा बराच असतो.

पावसात चर्नी रोडजवळ कधीकधी हिरवट निळा लखलखाट होतो, तो आकाशातला नव्हे. लोकलचा पेंटोग्राफ तांब्याच्या तारेवर घासला जाताना उडणारी ती ठिणगी होय. हिरवी छटा तांब्याच्या वाफेची.

तांबडी वीज अधिक घातक असते, असा एक समज आहे. वस्तुतः रंगावरून विजेची ताकद ठरत नाही. तांबूस वीज बहुधा दूरची असते, एवढेच. पण धुळीमुळे जवळची वीजही तशी दिसू शकते. त्यामुळे अंतर रंगावरून नव्हे, आवाजावरून मोजावे. लखलखाट आणि गडगडाट यांतील दर तीन सेकंदांमागे साधारण एक किलोमीटर, असा हिशेब आहे. हे अंतर ३० सेकंदांच्या आत आले, की चौपाटीच्या उघड्या वाळूवरून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. पाऊस सुरू झालेला नाही, या भरवशावर राहू नये. वीज मुख्य ढगापासून दहा किलोमीटरवरही कोसळू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर परिसरातील विजांची पूर्वसूचना मिळते.