गंभीर निदानानंतरचे दुसरे मत

गंभीर आजाराचे निदान झाल्यावर, उपचारांना आरंभ करण्यापूर्वी त्याच विषयातील दुसऱ्या तज्ज्ञाकडून निदानाची व उपचारांच्या दिशेची फेरतपासणी करून घेणे म्हणजे दुसरे मत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तरीही पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल, या संकोचाने अनेक कुटुंबे ते गुपचूप घेतात आणि निम्मी कागदपत्रे मागेच राहतात.

तेरेखोलच्या रुग्णाला हे महागात पडते. गाव पेडणे तालुक्यातले, पण नदीच्या उत्तर तीरावरचे. केरीची फेरीबोट धरावी, नाहीतर महाराष्ट्रातील रेडी-आरोंदामार्गे वळसा घ्यावा. मग म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ. कर्करोग असल्यास अनेकांची वाट मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे (स्थापना १९४१) वळते. तिथे पोहोचल्यावर ‘ब्लॉक आणला का?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर खेप वाया जाते.

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोगात खरे दुसरे मत या काचपट्ट्या पुन्हा पाहूनच मिळते. केवळ छापील अहवालावर दिलेल्या मतात पहिली चूक तशीच उतरू शकते. ब्लॉक सोबत असल्यास बहुधा नवी बायोप्सी टळते. तो हरवल्यास मात्र तोच तुकडा पुन्हा मिळत नाही, म्हणून हातातल्या पिशवीतच ठेवावा. सीटी स्कॅन व एमआरआयच्या फिल्मसोबत सीडीही मागून घ्यावी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी करून पोच घ्यावी.

प्रवास झेपत नसल्यास टाटा मेमोरियल केंद्र व राष्ट्रीय कर्करोग ग्रीड यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे. तिचे मत पाठवलेल्या अहवालांवर आधारलेले असते.

हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात असताना दुसऱ्या मतासाठी थांबू नये. रक्ताच्या तीव्र कर्करोगातही दिवस मोजकेच असतात. इतर बहुतेक गाठींच्या बाबतीत किती दिवस थांबणे सुरक्षित, हे पहिल्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. दोन मते जुळली नाहीत, तर फरक काचपट्टीच्या वाचनात आहे, स्कॅनच्या वाचनात आहे की केवळ उपचारांच्या निवडीत, हे दोघांकडूनही लिहून घ्यावे. तिसऱ्या तज्ज्ञापुढे नेमका तेवढाच प्रश्न ठेवता येतो.