‘सॉर्ट’ आज्ञा आणि मराठी याद्यांचा वर्णक्रम

सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर असलेले सचिन हे एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेचे संस्थान होते. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे, विशेषतः कापडावरील प्रक्रिया आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरत परिसरात स्थिरावली आहेत. अशा ठिकाणी कामगारांच्या, भाडेकरूंच्या किंवा मंडळाच्या सभासदांच्या याद्यांत मराठी, गुजराती आणि इंग्रजी नावे एकत्र येणे स्वाभाविक आहे. अशी यादी क्रमाने लावण्याचे एक जुने आणि विनामूल्य साधन म्हणजे ‘सॉर्ट’ ही आज्ञा.

युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे. लिनक्स आणि मॅक या प्रणालींवर ती आजही तयार मिळते. टर्मिनलच्या खिडकीत आज्ञेचे नाव आणि त्यापुढे फाइलचे नाव लिहिले की फाइलमधील ओळी क्रमाने पडद्यावर येतात. मूळ फाइल जशीच्या तशी राहते. यादी संगणकाच्या स्मृतीत मावणार नाही इतकी मोठी असेल, तर सॉर्ट तिचे तुकडे करते, प्रत्येक तुकडा क्रमाने लावून तात्पुरत्या फाइलींत ठेवते आणि अखेरीस ते एकमेकांत मिसळते. त्यामुळे लाखो ओळींची यादीही साध्या संगणकावर लावता येते.

उधना, भेस्तान, सचिन, मरोली, नवसारी ही सुरतेहून दक्षिणेकडे जाताना लागणारी स्थानके या आज्ञेला दिली, तर उधना, नवसारी, भेस्तान, मरोली, सचिन असा अपेक्षित क्रम मिळतो. मात्र हे यश काहीसे फसवे आहे. ‘सी’ हा मूलभूत क्रम निवडलेला असताना सॉर्ट मराठी वर्णमाला पाहत नाही. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला संकेतांक तेवढा पाहते. या दोहोंत फरक आहे आणि तो नेमका मराठीच्या खास अक्षरांपाशी उघड होतो.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वर्णमालेत ‘ळ’ हे ‘ह’नंतर येते. युनिकोडमध्ये ते ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे. परिणामी गोव्यातील गावांच्या यादीत वाळपई आधी आणि वास्को नंतर येते. वर्णमालेप्रमाणे क्रम उलटा हवा. अनुस्वाराचा संकेतांक तर सर्व व्यंजनांच्या आधीचा आहे. बाराखडीत ‘जं’ हे ‘जौ’च्या पुढे असले, तरी सॉर्ट जंजिरा जळगावच्या आधी ठेवते. (शब्दकोशांची पद्धत बाराखडीहूनही निराळी असू शकते, हा भाग वेगळा.) क्षीरसागर हे आडनाव यादीच्या शेवटी शोधणाऱ्यास ते कोळी आणि खैरनार यांच्या मध्ये सापडते, कारण संगणकाच्या लेखी ‘क्ष’ हे ‘क’पासून सुरू होणारे जोडाक्षर आहे.

सर्वांत त्रासदायक प्रकार ‘ॲ’चा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले आणि त्याला देवनागरी अंकांच्याही पुढची जागा मिळाली. त्यामुळे रसायनांच्या साठ्याच्या यादीत ‘ॲसिड’ अगदी तळाशी जाते. तोच शब्द कोणी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन टाइप केला असेल, तर तो वर ‘अ’च्या शब्दांत बसतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन भिन्न पदार्थ वाटतात. ‘जंजिऱ्या’तील ‘ऱ’ही एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो आणि तीच गत होते.

तीन लिप्यांची यादी असल्यास आधी रोमन, मग देवनागरी आणि त्यानंतर गुजराती असे थर पडतात. एकाच कामगाराचे नाव तिन्ही लिप्यांत नोंदले गेले असेल, तर ते तीन ठिकाणी विखुरते आणि पुनरावृत्ती काढण्याचा कोणताही पर्याय त्यांना एक मानत नाही. येथे आज्ञेचा उपयोग नाही. प्रत्येकास एक क्रमांक देऊन त्या क्रमांकावरच यादी लावावी लागते.

‘एलसी_ऑल’ या चलाला मराठीचा स्थानिक संकेत दिल्यास क्रम वर्णमालेच्या जवळ जाऊ शकतो. परंतु निरनिराळ्या प्रणालींवरील नियम एकसारखे नसतात. वाळपई–वास्कोसारख्या चार-पाच जोड्यांची छोटी फाइल आधी लावून पाहावी, मगच मोठ्या यादीला हात घालावा.

आज्ञेचे पर्याय रोमन लिपीतील लहान अक्षरांनी, आधी आडवी रेघ देऊन लिहितात. ‘-आर’ने क्रम उलटा होतो. ‘-एन’ने ओळी अंकांच्या मूल्याप्रमाणे लागतात, अन्यथा दहा हा आकडा नवाच्या आधी येतो. मात्र ‘-एन’ला देवनागरी अंक कळत नाहीत. ती १० आणि ९ या दोहोंना शून्य समजते व पुन्हा अक्षरांच्या क्रमाकडे वळते. वेतनाची यादी देवनागरी अंकांत असेल, तर ते आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत.

ओळीतील विशिष्ट रकान्यावर क्रम लावण्यासाठी ‘-के’ आहे आणि रकाने स्वल्पविरामाने विभागले असल्यास तसे ‘-टी’ने सांगावे लागते. ‘-के २’ याचा अर्थ दुसऱ्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत असा होतो. केवळ दुसरा रकाना हवा असल्यास ‘-के २,२’ लिहावे.

पुनरावृत्ती काढणारा ‘-यू’ हा पर्याय ‘-के’सोबत वापरताना विशेष सावध राहावे. अशा वेळी सॉर्ट पूर्ण ओळ नव्हे, तर सांगितलेला रकानाच जुळवते. दुसऱ्या रकान्यात आडनाव असेल आणि दोन्ही पर्याय एकत्र दिले, तर यादीतील सगळ्या पाटलांपैकी एकच पाटील उरतो. बाकीचे कोणताही इशारा न देता गळतात आणि खानदेशी वस्तीच्या यादीत ही गळती लहान नसते. म्हणून ‘डब्ल्यूसी -एल’ या आज्ञेने आधीच्या व नंतरच्या ओळी मोजून घ्याव्यात.

निकाल त्याच फाइलमध्ये साठवायचा असल्यास मोठे-पेक्षा चिन्ह वापरून तिच्याकडे वळवू नये. सॉर्ट वाचू लागण्यापूर्वीच टर्मिनल ती फाइल रिकामी करते आणि यादी नष्ट होते. त्यासाठी ‘-ओ’ हा पर्याय आहे. तो सगळ्या ओळी वाचून झाल्यावरच फाइल लिहायला घेतो.