खून, वध, दंगा, बागी : हिंसेला आपण काय म्हणतो?

आज आपण काही शब्दांचा इतिहास पाहणार आहोत. माणूस मारला गेला, की आपण न कळत एक शब्द निवडतो. बांधावरून भांडण होऊन भावाने भावाला मारलं, तर तो खून. मोठा पुढारी मारला गेला, तर हत्या. मारणारा आपला आणि मरणारा दुष्ट वाटला, तर वध. कंसाचा खून झाला असं कोणी म्हणत नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. त्या घटनेला कोणी ‘हत्या’ म्हणतो, कोणी ‘वध’ म्हणतो, आणि तेवढ्या एका शब्दावरून बोलणारा कुठे उभा आहे ते आपल्याला समजतं. कृत्य तेच, वजन मात्र बदललं.

कायद्याने हे वजन वेगळ्या तराजूत घातलं. १८६० च्या दंडसंहितेच्या मराठीत ‘सदोष मनुष्यवध’ असा शब्द आहे. इथल्या ‘वधा’त गौरव नाही. मारणाऱ्याचा हेतू काय होता, परिणामाची जाणीव किती होती, यावरून सदोष मनुष्यवध आणि खून वेगळे केले जातात. दरोड्याचंही तसंच. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर जबरी चोरीचा दरोडा होतो. १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, ३०२ कलमाचं १०३ झालं, पण ही मोजमापं मुख्यतः तीच राहिली. गावात मात्र अजून ‘तीनशे दोन लागलं’ असंच म्हणतात.

आता आपल्याच भागात येऊ. निडी ज्या पेण-रोहा पट्ट्यात आहे, तो पूर्वी कुलाबा जिल्हा. १९८१ मध्ये त्याचं नाव रायगड झालं. याच जिल्ह्यात उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला, आंदोलक मारले गेले. त्याच दिवशी एक मामलेदारही मृत्युमुखी पडले. सरकारच्या लेखी हा दंगा होता आणि गावकऱ्यांवर खटला चालला. गावाच्या लेखी तो सत्याग्रह होता. आज तिथे आठ हुतात्म्यांचं स्मारक आहे. म्हणजे ‘दंगेखोर’ ते ‘हुतात्मा’ एवढा प्रवास शब्दाने केला. राज्य बदललं म्हणून तो झाला हे खरं, पण त्याआधी लोकांनी आपला शब्द सोडला नव्हता हेही खरं.

दुसरं उदाहरण पेण तालुक्यातल्या गागोद्याचं. विनोबा भावे तिथे १८९५ मध्ये जन्मले. मे १९६० मध्ये ते पदयात्रा करत चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैना भागात गेले. सरकारी कागदात तिथले लोक डाकू. ते स्वतःला म्हणवायचे ‘बागी’, म्हणजे बंडखोर. विनोबांपुढे वीसएक जणांनी शस्त्रं ठेवली. पोलीस अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. आम्ही जीव धोक्यात घालायचा आणि गुन्हेगारांना हार घालायचे, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार उडवून लावण्यासारखी नव्हती.

पण इथे एक गोष्ट नीट पाहा. शरण आलेल्यांवर खटले चालले, त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्यांच्याशी बोलण्याची भाषा मऊ झाली म्हणून गुन्हा हलका ठरला नाही. माणसाला परत यायला वाट ठेवणं वेगळं आणि त्याच्या कृत्याला सूट देणं वेगळं. आपण बहुतेक वेळा हे दोन्ही एकच समजतो.

या सगळ्यात एक आवाज मात्र कमी ऐकू येतो. खोऱ्यात ज्यांच्या घरची माणसं मारली गेली, त्यांच्यासाठी ‘बागी’ हा शब्द काय होता? चिरनेरच्या मामलेदारांच्या घरी त्या दिवसाला काय म्हणत असतील? मारणारा कोण, यावर आपण शब्द ठरवतो. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तो शब्द ऐकवत कसा असेल, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून उद्या बातमी वाचताना ‘वध’ की ‘खून’, ‘दंगा’ की ‘आंदोलन’, हे ठरवण्याआधी आपण एवढं करून पाहू : मारणारा आणि मरणारा यांची नावं, जात, पक्ष मनातल्या मनात अदलाबदल करू. तरीही तोच शब्द तोंडात आला, तर तो खुशाल वापरू.