सहाच्या आत गुत्त्यात

आपल्याकडे मुलींना ‘सातच्या आत घरात’ अशी ताकीद असे. मेलबर्नमध्ये तब्बल पन्नास वर्षं पुरुषमाणसांची धावपळ चाले, ती सहाच्या आत गुत्ता गाठायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, व्हिक्टोरिया राज्यात पब संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम आला. लढाईच्या दिवसांत माणसांनी जरा संयम पाळावा, वेळेवर घरी जावं, असा हेतू. लढाई संपली, दुसरी झाली, तीही संपली. नियम जागचा हलला नाही. कारखाने पाचला सुटत. म्हणजे हातात जेमतेम तासभर, आणि त्यात काय ते पिऊन घ्यायचं. संयमासाठी केलेल्या कायद्यानं दोन पिढ्यांना घटाघटा प्यायला शिकवलं.

हे सगळं मला शेजारच्या आजींनी सांगितलं. इथे नव्वदीच्या माणसालाही नावानंच हाक मारतात, पण माझी जीभ काही वळत नाही. घरात आम्ही त्यांना ‘शेजारच्या आजी’ म्हणतो आणि समोर नाव घ्यायची वेळ शक्यतो येऊ देत नाही. आता त्या कोबर्ग या उपनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, पण त्या मूळच्या रिचमंडच्या. रिचमंड तेव्हा पक्की कामगारवस्ती होती. वडील काडेपेट्यांच्या कारखान्यात. उन्हाळ्यात रोझेलाच्या कारखान्यातून टोमॅटो सॉस शिजल्याचा वास गल्लीभर पसरे आणि वारा फिरला की बिअरच्या भट्टीतल्या माल्टचा. एका व्हिनेगरच्या कंपनीनं १९३६ साली छपरावर निऑन दिव्यांची, दोरीच्या उड्या मारणारी मुलगी बसवली होती. ती रात्रभर उड्या मारते आणि आपल्याला मात्र आठला झोपायला लावतात, याचा आजींना लहानपणी फार राग येई.

पबच्या भिंतींना छातीपर्यंत चकचकीत फरश्या असत. का, तर सहानंतर पाइप लावून धुता याव्यात म्हणून. बसायला खुर्च्या जवळजवळ नसतच. उभ्यानं जास्त माणसं मावतात. पेले भरायलाही नळी. बाईनं मुख्य बारमध्ये पाऊल टाकायचं नाही. आजी हे हसत हसत सांगतात, पण ‘आई काय म्हणायची?’ असं विचारलं की जरा थांबतात. पगाराच्या दिवशी आई त्यांना साडेपाचलाच पबच्या दाराशी उभं करी. दार उघडलं की धूर, बिअर आणि घाम यांचा भपकारा बाहेर येई. आत माणसांची भिंत, चेहरे दिसत नसत. मग त्या खाली वाकून बूट बघत. वडिलांच्या डाव्या बुटाला तारेचा टाका घातलेला होता. तो दिसला की तिथूनच हाक मारायची. सहाच्या घंटेआधी वडील बाहेर आले तर पगाराचं पाकीट बऱ्यापैकी जाड असे.

इतकं सांगून झाल्यावर आजी म्हणतात, ‘तरी पण ते दिवस छान होते.’ मला आधी हे कोडं वाटायचं. हळूहळू ध्यानात आलं, की त्यांच्या आठवणीतलं शहर आपणहून दारात येतं. पहाटे दूधवाला घोडागाडी घेऊन येई. घोड्याला सगळी गिऱ्हाइकं पाठ. दूधवाला बाटल्या घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात पळे आणि घोडा आपला आपण पुढच्या दारापाशी जाऊन उभा राही. पैसे रिकाम्या बाटलीत ठेवलेले असत आणि कुणी ते चोरत नसे. (‘कुणीच नाही?’ असं एकदा खोदून विचारलं, तेव्हा आजींच्या भावानं दोन-तीनदा चोरले होते, असं निघालं.) घोड्याची लीद पडली की पोरं फावडं घेऊन धावत, कारण गुलाबांना तिच्यासारखं खत नाही. मग पाववाला. फ्रिज येईपर्यंत खांद्यावर गोणपाट टाकून बर्फाची लादी आणणारा बर्फवाला. मंदीच्या काळात सोललेले ससे विकणारेही येत, कारण मेंढीचं मांस परवडत नसे. पोस्टमन पत्र टाकलं की शिटी वाजवी. नाताळला या सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत होती. आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखीच, फक्त पोस्त इथे बिअरच्या बाटलीची.

आजी टपाल-तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. १९५७ साली लग्न झालं आणि नोकरी गेली. चूक काही नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरीत लग्न झालेल्या बाईला कायम राहता येत नसे, असा तेव्हाचा नियमच होता. या गोष्टीचा राग त्यांना आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ‘तसंच असायचं,’ एवढंच म्हणतात.

लग्नाच्या आदल्या वर्षी मात्र शहरानं त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सोहळा पाहिला. १९५६चं ऑलिंपिक. टीव्ही मेलबर्नमध्ये नुकताच, त्याच नोव्हेंबरात आला होता आणि लोक दुकानांच्या काचांपुढे फुटपाथवर गर्दी करून खेळ बघत. याच ऑलिंपिकमध्ये मूळच्या गोव्याच्या, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले. आपण ४-२ असं जिंकलो आणि शेवटी फुटबॉलमध्ये चौथे आलो. मी हे मोठ्या अभिमानानं आजींना ऐकवलं. त्यांना त्या सामन्याचा पत्ताच नव्हता. त्यांना आठवत होता समारोप. त्याआधी प्रत्येक देशाचे खेळाडू आपापल्या झेंड्यामागे चालत. मेलबर्नला पहिल्यांदा सगळे एकमेकांत मिसळून, हसत, हात हलवत मैदानात आले. ही कल्पना जॉन इयन विंग नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं आयोजकांना पत्रानं कळवली होती. तो सुतारकाम शिकत होता आणि जन्म मेलबर्नचाच, पण घराणं चिनी. १९०१पासून ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण चालवणाऱ्या देशाला, सगळी माणसं एकत्र चालू द्या, हे सुचवलं ते एका चिनी आडनावाच्या मुलानं. आजींना तो समारोप सुंदर वाटला होता. पत्र कुणाचं, हे त्यांना माझ्याकडून कळलं.

आजोबा, म्हणजे आजींचे यजमान, ट्रॅमचे कंडक्टर होते. ते आता नाहीत, पण त्यांची चामड्याची पिशवी खुंटीवर आहे. सिडनीनं आपल्या ट्रॅम मोडीत काढल्या. शेवटची १९६१च्या फेब्रुवारीत धावली. मेलबर्नच्या वाचल्या त्याचं बरंचसं श्रेय रॉबर्ट रिसन या ट्रॅम मंडळाच्या अध्यक्षाला जातं. लष्करातला इंजिनिअर, हट्टी माणूस. सारी दुनिया बसच्या मागे लागलेली असताना त्यानं १९५५ साली बर्क स्ट्रीटवर बस काढून पुन्हा ट्रॅम आणली आणि रूळ काँक्रीटमध्ये असे पक्के बसवले, की पुढे कुणाला उखडायचे झाले तर खर्चाचा आकडा बघूनच घाम फुटावा. आजोबा त्याच्याविषयी तो देवमाणूस असल्यासारखे बोलत. कंडक्टरचं काम फक्त तिकीट फाडायचं नव्हतं. आंधळ्या माणसाला त्याच्या थांब्यावर उतरवायचं, शाळकरी पोरांचे कान धरायचे, नवख्या इटालियन बाईच्या हातातला चुरगळलेला पत्ता वाचून तिला योग्य ठिकाणी खाली सोडायचं. मेलबर्नच्या सिडनी रोडवरच्या ट्रॅममध्ये हे रोज चाले.

आता १९६६ साल. या शहराच्या गोष्टी मी जितक्या ऐकते, तितकी माझी खात्री होत जाते, की मेलबर्नचा जुना जमाना या एका वर्षात संपला. जानेवारीत मेंझीस पंतप्रधानपदावरून सोळा वर्षांनी उतरले. एक फेब्रुवारीला पब रात्री दहापर्यंत उघडे राहू लागले. आजोबा म्हणत, पहिल्या दिवशी सहा वाजता लोक सवयीनं बाहेरच पडले. चौदा फेब्रुवारीला पौंड, शिलिंग, पेन्स गेले आणि डॉलर-सेंट आले. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब ज्यांनी केला नाही त्यांना त्यातली गंमत कळणार नाही. पण आणे-पै पाहिलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ती लगेच कळेल. (नव्या चलनाला मेंझीस ‘रॉयल’ म्हणणार होते. लोक इतके हसले, की बेत सोडून द्यावा लागला.) मार्चमध्ये नव्या हॉल्ट सरकारनं गोऱ्या नसलेल्या शिकल्यासवरल्या लोकांसाठी देशाचं दार किलकिलं केलं. नोव्हेंबरात, आजींची नोकरी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, लग्न झालेल्या बायकांवरची बंदी उठली. तेव्हा त्यांची तीन मुलं शाळेत होती आणि सरकारी मोफत दुधाच्या, उन्हात तापून कोमट झालेल्या बाटल्या नाक दाबून संपवत होती.

त्या किलकिल्या दारातून १९७१ साली जे आत आले, त्यांतले आमचे एक काका आणि काकू. काका पुण्याचे इंजिनिअर. त्यांचं मेलबर्न निराळंच. शनिवारी दुपारी दुकानं बंद झाली की सोमवारपर्यंत सगळं चिडीचूप. पहिल्या रविवारी दोघं नटूनथटून शहर बघायला गेले. भर स्वान्स्टन स्ट्रीटवर चिटपाखरू नाही. काकूंना वाटलं, कुणी बडा पुढारी गेला असावा. तूरडाळ नाही, म्हणून पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं वरण. पोह्यांवर कोथिंबीर समजून पार्सली पेरली, ती खाऊन काका म्हणाले, ‘गवत का घातलंस?’ खरी कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि आलं मुबलक मिळू लागलं ते सायगाव पडल्यानंतर, व्हिएतनामी लोकांनी रिचमंडच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर दुकानं थाटली तेव्हा. काकू म्हणतात, ‘आपल्या स्वयंपाकावर त्या लोकांचे उपकार आहेत.’ आमच्या गल्लीतले सिसिलीचे आजोबा त्याच्याही आधीची गोष्ट सांगतात: पन्नाशीच्या दशकात ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात मिळे, एवढ्याशा बाटलीत, कानात घालायला. ते चार बाटल्या घ्यायचे आणि औषधवाला त्यांच्या कानांची काळजी करायचा.

घर भाड्यानं घेताना काकांना फोनवर ‘आहे’ आणि प्रत्यक्ष गेल्यावर ‘कालच गेलं’ असं कितीतरी वेळा ऐकावं लागलं. ही गोष्ट ते फार सांगत नाहीत. १९८१च्या फेब्रुवारीची मात्र न विचारता सांगतात: एमसीजीवर लिलीनं गावसकरला पायचीत केलं, गावसकर चौहानला घेऊन मैदान सोडायला निघाले, चौहान सीमारेषेवरून परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी दुखावलेल्या मांडीनिशी कपिलनं पाच बळी घेऊन कांगारूंना ८३ धावांत गुंडाळलं. त्यानंतर आठवडाभर ऑफिसात काकांच्या रंगाविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, असा त्यांचा दावा आहे.

एकदा आजी आणि काकूंची गाठ आमच्या घरी पडली. आजी म्हणाल्या, ‘तेव्हा आमच्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखायचे.’ काकू चहा ढवळत म्हणाल्या, ‘हो ना, आम्हाला कुणी ओळखायचं नाही.’ दोघीही खरं बोलत होत्या. आजींच्या रिचमंडच्या गल्लीचं काय झालं, तेही याच ओघात निघालं. गृहनिर्माण मंडळानं साठच्या दशकात ‘झोपडपट्टी’ ठरवून आसपासची घरं जमीनदोस्त केली आणि काँक्रीटचे उंच मनोरे उभे केले. आजींच्या आईला ‘झोपडपट्टी’ हा शब्द मरेपर्यंत लागला. ती रोज उंबरठा घासून पांढरा करत असे. २०२३ साली सरकारनं जाहीर केलं, की मेलबर्नमधले असे सगळे ४४ मनोरेही पाडायचे. त्या काळी ज्यांच्यावर बुलडोझर फिरला नाही, ती शेजारची कामगारांची दोन खोल्यांची घरं आता दहा लाख डॉलरांच्या वर जातात.

मला कुणी आजींचं मेलबर्न देऊ केलं तर मी ते घेणार नाही. त्या पबच्या दारात मी उभीच राहिले असते, लग्नानंतर नोकरी गेली असती. मुळात जहाजातूनच मला परत पाठवलं असतं. तरी एका बाबतीत आजींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. कंडक्टर १९९८मध्ये काढून टाकले. आता ट्रॅममध्ये चढायचं, कार्ड यंत्राला लावायचं. कार्ड नसेल तर ते ट्रॅममध्ये विकतही मिळत नाही, आणि हातात चुरगळलेला पत्ता घेऊन चढणारी नवी माणसं आजही आहेत, फक्त आता ती पंजाबची, नेपाळची, आपल्या नांदेड-लातूरची असतात. परवडत नाही, असं सरकार म्हणतं. परवडवा. पब दहापर्यंत राहू दे, डॉलर राहू दे, व्हिक्टोरिया स्ट्रीटची कोथिंबीर तर राहायलाच हवी. कंडक्टर तेवढा परत आणा.