एकच टिक की अनेक? जनगणनेतल्या भाषेची गोष्ट

मी मूळचा पुसेगावचा, हिंगोली जिल्ह्यातला. काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे ऑनलाइन सर्व्हेचे फॉर्म सारखे हातात असतात. फॉर्मवर गोल बटण असलं की उत्तर एकच, चौकोन असला की हवी तितकी. फरक किरकोळ वाटतो ना? पण आपल्याकडे याच फरकावर राजकारण पेटलंय.

१९५१ची जनगणना घ्या. आमचा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषा एकाच राज्यात. मातृभाषेच्या रकान्यात मात्र उत्तर एकच. पुढे भाषावार प्रांतरचनेच्या वादात हेच आकडे पुढे केले गेले, आणि १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. पंजाबात तर वाद इतका चिघळला, की हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे एकत्रच दाखवावे लागले. म्हणजे एकाच पर्यायाची सक्ती केली, की उत्तर हे मत होऊन बसतं.

१९६१पासून मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंद होऊ लागली. त्यामुळेच २०११ला कळलं, की देशात सुमारे २६ टक्के लोकांना एकाहून जास्त भाषा येतात. नुसता पहिला प्रश्न असता, तर हे लोक दिसलेच नसते.

पण नुसते चौकोन वाढवून भागत नाही. आमच्याकडच्या तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक २०११ला हिंदीच्या गटात मोजले गेले. उत्तर दिलं एक, बेरीज झाली दुसऱ्याच नावाखाली.

म्हणून तुम्ही गावासाठी, शाळेसाठी सर्व्हे करणार असाल तर एवढं करा. आधी विचारा, ‘कोणकोणत्या भाषा बोलता?’ इथे चौकोन द्या. मग वेगळा प्रश्न, ‘घरात सगळ्यात जास्त कोणती?’ इथे गोल बटण. ‘इतर’समोर लिहायला जागा ठेवा, आणि तिथे आलेलं नाव दुसऱ्या भाषेत मिसळू नका. टक्केवारी माणसांवर काढा, टिकांवर नाही. बेरीज शंभराच्या वर गेली तरी घाबरू नका, माणसं एकापेक्षा जास्त भाषा बोलतात म्हणूनच ती जाते.

येत्या जनगणनेत स्वतःची माहिती ऑनलाइन भरायची सोय आहे. भाषेचा रकाना घाईत भरू नका, एवढंच सांगायचं होतं.