यंत्र कुठे लावायचं?

नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) पारनेर तालुक्यात आमचं घर आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्या गच्चीवर मी हवेतले कण मोजणारा स्वस्तातला सेन्सर लावला. सॉफ्टवेअरवाल्यांचे सुट्टीतले उद्योग! दोन दिवस आकडे उत्तम आले. खाली चुलीपाशी आजी खोकत होती.

आजोबा लालबागच्या गिरणीत होते. पारनेरमधल्या कितीतरी घरांसारखंच. नवरा मुंबईत, बायको गावी. आजोबांच्या वस्तीतल्या हवेचा हिशेब त्या मानाने लवकर मांडला गेला. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांची तपासणी केली. हवेत सल्फर डायऑक्साइड कुठे किती, त्यावरून वस्त्यांची तुलना केली आणि जोडीला मुंबईबाहेरचं एक खेडंही घेतलं. माणूस राहतो कुठे, त्यावरून त्याच्या छातीत काय जातं याचा अंदाज बांधायची ही पद्धत. गिरण्यांच्या धुराड्यांखाली ती बरीचशी लागूही पडते. खेड्यात मात्र बाहेरची हवा वेगळी आणि चुलीपुढची वेगळी.

1981 साली कर्क स्मिथ, ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत यंत्रच स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर चढवलं. बॅटरीवरचा छोटा पंप, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला गाळणी. आधी आणि नंतर गाळणीचं वजन करायचं. वाढलेल्या वजनाला पंपाने ओढलेल्या हवेने भागायचं. उत्तर आलं घनमीटरमागे सुमारे 7 मिलिग्रॅम धूळकण. गणित शाळकरी आहे. यंत्राची जागा बदलायचं सुचलं, हे मला थोर वाटतं.

आजीला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "विडी ओढता का?" त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही.

घरात गॅस आहे. पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो.

तिसऱ्या दिवशी मी सेन्सर गच्चीवरून काढला, बॅटरीला जोडला आणि सेफ्टी पिनेने आजीच्या पदराला अडकवला. रात्री लॅपटॉप उघडला, तर स्वयंपाकाच्या वेळचे आकडेही जवळपास गच्चीइतकेच निर्मळ. कोड तपासला, वायरी तपासल्या. शेवटी आजीलाच विचारलं.

"महागाचं असंल ते. धुरानं खराब व्हायचं, म्हणून भाकरी होईस्तोवर फडताळात ठेवलं व्हतं."